एका श्रोत्याने मागितलेले पुराण

मराठी भाषेच्या थोरवीचा विषय निघाला की फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ओव्यांचे स्मरण हटकून केले जाते. इंग्लंडातून आलेल्या एका धर्मोपदेशकाने मराठीवर इतके प्रेम करावे याचे आपल्याला कौतुक वाटते, आणि तसे वाटणे स्वाभाविकही आहे. शालेय पुस्तकांतून व सभासंमेलनांतून त्या मोजक्या ओव्या इतक्या वेळा म्हटल्या गेल्या आहेत, की ज्या ग्रंथातून त्या उचलल्या तो सुमारे अकरा हजार ओव्यांचा आहे, तो कोणासाठी व कोणत्या परिस्थितीत रचला गेला, हे विचारण्याची गरजच आपल्याला भासेनाशी झाली आहे. आपली स्तुती ऐकून आपण संतुष्ट होतो आणि ग्रंथ मिटून ठेवतो. मला येथे बोलावयाचे आहे ते त्या स्तुतीविषयी नव्हे. त्या ग्रंथाच्या आरंभी एक मनुष्य येतो, त्याच्याविषयी मला बोलावयाचे आहे. त्याला ग्रंथकर्त्याने नाव दिलेले नाही.

प्रसंग गोव्यातील साष्टी प्रांतातला आहे. (मुंबईजवळची साष्टी वेगळी.) इगर्जीमध्ये मुलांना ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरे शिकविण्याचा पाठ चालला आहे. तेथे बाप्तिस्मा घेतलेला एक ब्राह्मण येतो आणि पाद्री गुरूंपुढे आपली अडचण मांडतो. तिचा आशय असा, की या प्रार्थना आणि हे प्रश्नोत्तरांचे पाठ चांगले आहेत. परंतु पूर्वी आमची पुराणे होती, ती वाचण्यास तुम्ही मनाई केली. मग त्यांच्या जागी दुसरी पुराणे आम्हांस का देत नाही? या प्रश्नाला मिळालेले उत्तर म्हणजे क्रिस्तपुराण.

पुराणग्रंथांत श्रोत्याने प्रश्न करावा आणि वक्त्याने कथा सांगावी ही तर जुनीच रीत. परीक्षितीने विचारले, शुकाने सांगितले. तेव्हा स्टीफन्स यांनी ही रीत उचलली एवढेच समजून पुढे जाता येईल. पण मला वाटते, हा श्रोता केवळ रीतीपुरता नाही. त्याचा प्रश्न त्या काळातील साष्टीच्या वाटेवर, घराघरांत खरोखरच विचारला जात असला पाहिजे. ज्याने धर्म बदलला त्याचे कान बदललेले नव्हते. संध्याकाळी दिवा लागल्यावर कोणी तरी ओवी लावून कथा सांगावी आणि घरातल्यांनी ती ऐकावी, ही त्याच्या आयुष्याची लय होती. ती लय तुटली होती आणि तिच्या जागी काही आले नव्हते.

ती कशी तुटली, हे सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. तिसवाडी बेट पोर्तुगिजांनी १५१० साली घेतले. बारदेश व साष्टी हे प्रांत १५४३ साली कायमचे त्यांच्या ताब्यात आले. पहिली काही वर्षे सोडली, तर राज्यसत्ता आणि धर्मसत्ता यांनी एकमेकींच्या हातात हात घालूनच काम केले. १५६७ साली साष्टीतील दोनशेहून अधिक देवळे पाडली गेली. ज्यांना शक्य झाले त्यांनी आपले देव रातोरात नदीपार नेले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. कारण पलीकडचा अंत्रुज महाल तेव्हा आदिलशाहीत होता. एका धर्माच्या राज्यकर्त्यापासून वाचण्यासाठी दुसऱ्या धर्माच्या राज्यकर्त्याचा आसरा घेणारे हे देव आपल्या इतिहासाबद्दलच्या पुष्कळशा सोप्या समजुतींना धक्का देतात. पण तो स्वतंत्र विषय होईल.

देव हलविता आले, ग्रंथांचे तसे नव्हते. १५५९ सालच्या एका जेझुइट पत्रात एक हकीकत आली आहे. एका ब्राह्मणाने आठ वर्षे खपून व्यासादिकांचे ग्रंथ जमविले व उतरून काढले होते. धर्मांतर केलेल्या एका तरुणाने, सरकारी अनुज्ञेने, त्याच्या घरातून ते चोरून आणले आणि पाद्र्यांच्या स्वाधीन केले. त्यांतील भागांची भाषांतरे करविण्यात आली; हेतू हा, की वादविवादात त्यांचे खंडन करता यावे. त्या आठ वर्षांचा विचार मनात आला म्हणजे अस्वस्थ व्हायला होते. चोरी करणाऱ्या तरुणाचाही विचार मनात येतो. त्याला त्या पोथ्या कोठे असतात आणि त्यांत काय असते हे ठाऊक होते, म्हणजे तोही कधीकाळी त्या ऐकतच वाढला असला पाहिजे.

आता दुसऱ्या बाजूच्या माणसाकडे वळू. थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडातील विल्टशर परगण्यात १५४९च्या सुमारास झाला. ते कॅथलिक होते, आणि एलिझाबेथ राणीच्या इंग्लंडात कॅथलिक असणे हे संकटाला आमंत्रण होते. आपल्या श्रद्धेसाठी त्यांनी देश सोडला, रोम गाठले आणि १५७५ साली जेझुइट संघात प्रवेश केला. त्यांच्याच संघातील एडमंड कॅम्पियन इंग्लंडात परत गेले, तेव्हा १५८१ साली लंडनमध्ये त्यांना देहान्ताची शिक्षा झाली. स्टीफन्स परत गेले नाहीत. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेल्या गलबतातून ते २४ ऑक्टोबरला गोव्यास उतरले. या प्रवासाचे वर्णन करणारे त्यांनी वडिलांना लिहिलेले पत्र रिचर्ड हॅक्लूट यांच्या प्रवासवृत्तांच्या संग्रहात छापले गेले आणि इंग्रज व्यापाऱ्यांच्या वाचनात आले. तोही एक वेगळाच इतिहास आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते हे, की ज्या मनुष्याच्या श्रद्धेला स्वतःच्या देशात मनाई होती तो मनुष्य अशा देशात आला, की जेथे त्याच्याच श्रद्धेच्या नावाने इतरांना मनाई केली जात होती. त्यांच्या मनात या दोन गोष्टींची कधी गाठ पडली का? तसा पुरावा त्यांच्या लेखनात शोधू पाहणाऱ्याच्या हाती फारसे लागत नाही. त्या शतकात युरोपात धर्मावरून भांडणाऱ्या कोणत्याही पक्षाला सहिष्णुता हा सद्गुण वाटत नव्हता. सत्य आपल्या बाजूला आहे एवढेच प्रत्येकाला ठाऊक होते. आजची मापे घेऊन त्यांच्याकडे जाण्यात अर्थ नाही. तथापि त्या मापांचा संपूर्ण त्याग करून नुसते भाषाप्रेमाचे हार घालण्यातही अर्थ नाही.

साष्टी प्रांतात तेव्हा शांतता नव्हती. जुलै १५८३मध्ये कुंकळ्ळी गावी पाच जेझुइटांना गावकऱ्यांनी ठार मारले. त्यांत रोदोल्फो अक्वाव्हिव्हा हे होते. फत्तेपूर सिक्रीला अकबर बादशहाच्या धर्मचर्चांत तीन वर्षे भाग घेऊन ते नुकतेच गोव्यास परतले होते. बादशहाच्या दरबारात ज्या मनुष्याने मौलवींशी वाद केले आणि जो सुखरूप परत आला, तो एका लहानशा गावात मारला गेला. याचे कारण उघड आहे. सिक्रीला तो पाहुणा म्हणून गेला होता. कुंकळ्ळीला तो देवळे जाळणाऱ्या सत्तेबरोबर आला होता. पुढे पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी कुंकळ्ळीच्या प्रमुख गावकारांना बोलणी करण्यासाठी म्हणून आसोळण्याच्या किल्ल्यात बोलाविले आणि तेथे त्यांची कत्तल केली. एका पक्षाने आपल्या मृतांना हुतात्मे म्हटले आणि त्यांची चित्रे पूजेत मांडली. दुसऱ्या पक्षाच्या मृतांचे स्मारक उभे राहावयास शतके लोटावी लागली. त्याच वर्षी आपल्या भावास लिहिलेल्या पत्रात स्टीफन्स यांनी आपल्या सहकाऱ्यांच्या या मृत्यूची हकीकत कळविली, आणि त्याच पत्रात येथील भाषांची रचना लॅटिन व ग्रीक भाषांशी जुळते, असेही नोंदविले. विल्यम जोन्स यांचे या विषयावरील प्रसिद्ध भाषण १७८६ सालचे आहे. हे पत्र त्याच्या दोनशे वर्षे आधीचे. सहकाऱ्यांच्या मृत्यूचे वर्तमान लिहिणाऱ्या लेखणीनेच हे लिहावे, यात त्या मनुष्याचा स्वभाव थोडासा प्रकट होतो.

अशा साष्टीत स्टीफन्स यांनी आयुष्याची सुमारे चाळीस वर्षे काढली, आणि त्या अनाम श्रोत्याच्या प्रश्नाचे उत्तर १६१६ साली राचोलच्या छापखान्यात छापले गेले. पोर्तुगीज भाषेत त्याला दिलेले नाव येशू ख्रिस्ताच्या जगातील आगमनाविषयीचे निरूपण अशा अर्थाचे होते. लोकांनी त्याला पुराण म्हटले आणि तेच नाव टिकले. 'पैलें पुराण' आणि 'दुसरें पुराण' असे त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तजन्मापूर्वीच्या प्रवक्त्यांपर्यंतची कथा, दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र. ओव्यांची एकूण संख्या १०,९६२ भरते.

ही ओवी परक्याने दुरून ऐकून केलेली नक्कल नव्हे. एकनाथांनी आपले भागवत १५७३ साली काशीस पूर्ण केले. स्टीफन्स सहा वर्षांनी गोव्यात उतरले. म्हणजे मराठी ओवी तेव्हा ऐन भरात होती. तिची तीन यमकबद्ध चरणे आणि शेवटचा मोकळा चरण, तिचा कथेला पुढे रेटणारा वेग, मधूनच थांबून श्रोत्याला 'अवधान द्या' म्हणण्याची लकब, हे सारे स्टीफन्स यांनी आत्मसात केले. प्रास्ताविक गद्यात ते सांगतात, की ग्रंथ मराठीत आहे, परंतु या प्रांतात शुद्ध मराठी आता चालत नसल्यामुळे लोकांना कळावे म्हणून ब्राह्मणांच्या नित्य बोलण्यातील शब्दही त्यात मिसळले आहेत. म्हणजे ग्रंथाची भाषा मराठी, घरातली बोली कोंकणी, आणि श्रोता या दोहोंच्या सांध्यावर बसलेला. कोंकणी व मराठी यांचे नाते काय, यावर पुढे जे वाद झाले त्यांत दोन्ही पक्षांनी स्टीफन्स यांना साक्षीस बोलाविले. साक्षीदाराने मात्र, ऐकणाऱ्याला कळले पाहिजे, या पलीकडे काही म्हटलेले नाही.

या ग्रंथाचे खरे मर्म त्याच्या शब्दांच्या निवडीत आहे. ख्रिस्ती स्वर्गासाठी स्टीफन्स यांनी वैकुंठ हा शब्द योजला. हा निर्णय किती धाडसाचा होता याची कल्पना केली पाहिजे. वैकुंठ म्हणजे विष्णूचे स्थान. ज्या विष्णूची देवळे पाडली, त्याचेच घर ख्रिस्ताला राहावयास दिले! परमेश्वर, भक्ती, कृपा, मुक्ती हे शब्दही तसेच आले. उलट काही ठिकाणी त्यांनी हात आखडता घेतला. पवित्र आत्मा, बाप्तिस्मा यांसारख्या कल्पनांसाठी त्यांनी परदेशी शब्द तसेच ठेवले. तेथे देशी शब्द वापरला असता तर जुना अर्थ नव्या अर्थावर चढून बसेल अशी त्यांना धास्ती असावी. 'पाद्री गुरू' या जोडशब्दात तर अर्धे घर तिकडचे आणि अर्धे इकडचे आहे.

या शब्दनिवडीकडे दोन दृष्टींनी पाहिले गेले आहे. काहींना तिच्यात समन्वय दिसतो: दोन संस्कृतींचा संगम, भारतीय वेषातला ख्रिस्त. दुसऱ्यांना तिच्यात डाव दिसतो: ओळखीचे भांडे पुढे करून आत वेगळाच पदार्थ वाढण्याची युक्ती. मला दोन्ही मते अपुरी वाटतात, कारण दोन्ही मतांत सारा विचार वाढणाऱ्याचा केलेला आहे. जेवणाऱ्याला तेथे जागाच नाही. वैकुंठ हा शब्द कानावर पडताच त्या नवख्रिस्त्याच्या मनात काय झाले असेल? त्याच्या आजीने मरताना कदाचित हाच शब्द उच्चारला असेल. नवा धर्म त्याला सांगत होता, की तुझी आजी चुकली होती. नवे पुराण मात्र तिचाच शब्द त्याला परत देत होते. शिकवण आणि शब्द यांची ही ओढाताण ज्याच्या मनात चालली, त्याच्यासाठी तो संगमही नव्हता आणि फसवणूकही नव्हती. मागचे सारे आयुष्य पुसून न टाकता पुढे जगण्याची ती एक वाट होती. अशी वाट काढण्याची वेळ ज्यांच्यावर येते, ते पंडितांच्या मताची प्रतीक्षा करीत नाहीत.

स्टीफन्स यांचा मार्ग हा एकच मार्ग होता असेही नाही. एतियेन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने १६२९ साली संत पीटरच्या चरित्रावर असाच मोठा ओवीबद्ध ग्रंथ प्रसिद्ध केला. छंद तोच, पण स्वर वादाचा. हिंदू देवतांच्या कथांचे खंडन करण्यात त्याच्या कवित्वाचा बराच भाग खर्ची पडला. त्याचे हिंदू पुराणांचे ज्ञान मोठे होते, याबद्दल शंका नाही. वैऱ्याच्या किल्ल्याचा नकाशा जसा बारकाईने अभ्यासावा तसे ते ज्ञान होते. त्या ग्रंथाच्या दुसऱ्या-तिसऱ्या आवृत्तीचे काही ऐकिवात नाही. क्रिस्तपुराण मात्र १६४९ व १६५४ साली पुन्हा छापले गेले. लोकांना वाद नको होता, कथा हवी होती.

तथापि राज्यकर्त्यांना कथाही सुरक्षित वाटेनाशी झाली. गोव्यात धर्मन्यायसभेची, म्हणजे इन्क्विझिशनची, स्थापना १५६० साली झाली होती; १७७४ ते १७७८ हा अल्पकाळ वगळता ती १८१२पर्यंत टिकली. तिचा मुख्य रोख नवख्रिस्त्यांवर होता, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. ज्याने धर्म बदलला नाही त्याला उपद्रव होताच. पण ज्याने बदलला तो आता घरातदेखील एकटा राहू शकत नव्हता. १६८३ साली संभाजी महाराजांच्या सैन्याने गोव्याला वेढले आणि पोर्तुगीज सत्तेला कापरे भरले. पुढल्याच वर्षी, जून १६८४मध्ये, व्हाइसरॉयने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांच्या आत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. बाहेरून आलेल्या भयाची शिक्षा आतल्या भाषेला झाली.

१७३६ सालचा इन्क्विझिशनचा जाहीरनामा तर फार बोलका आहे. ख्रिस्ती घरांत काय होऊ नये याची त्यात बारीकसारीक यादी आहे. अंगणात तुळस असू नये. हिंदूंप्रमाणे मिठावाचून भात शिजवू नये. पुरुषांनी धोतर नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये. लग्नात ओव्या गाऊ नयेत. मनाई लिहिणाऱ्याने नकळत एक साक्ष लिहून ठेवली आहे: धर्मांतराला पावणेदोनशे वर्षे लोटली तरी घरोघरी तुळस होती, भात तसाच शिजत होता आणि मांडवात ओव्या चालू होत्या. श्रद्धा बदलता येते. तांदळात मीठ केव्हा घालावे हे बदलणे तिच्याहून अवघड असते. आणि ज्या ओवीला लग्नमांडवात मज्जाव झाला, तिच्याच छंदात ख्रिस्ताचे चरित्र गायिले गेले होते, याचे भान जाहीरनामा काढणाऱ्यांना राहिले नव्हते.

मग क्रिस्तपुराण वाचले कोठे? दुष्काळ, लढाया आणि धर्मन्यायसभा यांना कंटाळून गोव्यातील अनेक ख्रिस्ती कुटुंबे सतराव्या व अठराव्या शतकांत दक्षिणेस कानडा किनाऱ्यावर जाऊन राहिली. त्यांनी सोबत कोंकणी नेली, आणि काहींनी या पुराणाच्या हस्तलिखित प्रतीही नेल्या. तेथेही त्यांच्या नशिबी स्वस्थता नव्हती. १७८४ साली टिपू सुलतानाने मंगळूर भागातील ख्रिस्ती लोकांना धरून श्रीरंगपट्टणास नेले, आणि १७९९मध्ये तो पडेपर्यंत त्यांतले पुष्कळजण परतले नाहीत. ज्या सत्तेचा धर्म त्यांच्या पूर्वजांवर लादला गेला होता तिचेच हस्तक म्हणून ते आता संशयास पात्र ठरले. एवढ्या उलथापालथीत पोथी कोणी, कशी जपली असेल? ती जपली गेली एवढे मात्र निश्चित. १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. पण मंगळूरकडील हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ साल्दाना यांनी १९०७ साली मंगळुरास रोमन लिपीत हा ग्रंथ पुन्हा छापला. छापखान्याने हरविलेले हाताने उतरून घेणाऱ्यांनी राखले.

येथे एका विलक्षण योगायोगाचा उल्लेख केला पाहिजे. पोर्तुगालमधील ब्रागा शहराच्या ग्रंथालयात सोळाव्या-सतराव्या शतकांतील काही हस्तलिखिते आहेत. त्यांत रामायण-महाभारतातील कथा कोंकणी गद्यात, आणि काही मराठी काव्ये, रोमन लिपीत उतरून घेतलेली आहेत. पाद्र्यांनी ती भाषा शिकण्यासाठी उतरवली होती. त्या काळच्या कोंकणी गद्याचा नमुना पाहावयाचा तर आज तेथेच जावे लागते. ज्यांनी पोथ्या हिरावून घेतल्या त्यांच्याच कपाटात पोथ्या उरल्या.

राहता राहिला प्रश्न लिपीचा. रोमन लिपीत छापलेले मराठी पुराण हे स्टीफन्स यांच्या मनाजोगते नव्हते, असे मानण्यास भक्कम आधार आहे. ५ डिसेंबर १६०८ रोजी त्यांनी रोमला आपल्या संघाच्या प्रमुखांस पत्र लिहून या देशाच्या भाषेत व याच देशाच्या अक्षरांत ग्रंथ छापण्याची परवानगी मागितली. अडचण त्यांना ठाऊक होती: रोमन लिपीला चोवीस खिळे पुरतात, येथील जोडाक्षरांसह सहाशेच्या घरात साचे पाडावे लागतील. हे पत्र ज्यांना लिहिले ते संघप्रमुख म्हणजे क्लाउदिओ अक्वाव्हिव्हा, कुंकळ्ळीस मारल्या गेलेल्या रोदोल्फो यांचे चुलते. पुतण्याचा जीव ज्या भूमीत गेला तिच्याच लिपीसाठी त्यांच्याकडे मागणे केले गेले. राचोलच्या छापखान्यात देवनागरीचे खिळे अखेरपर्यंत आले नाहीत. स्टीफन्स १६१९ साली गोव्यातच वारले.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जस्टिन अॅबट यांना लंडनमधील प्राच्यविद्येच्या विद्यालयात, विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहात, क्रिस्तपुराणाची देवनागरी हस्तलिखित प्रत सापडली. हे अॅबट म्हणजे आपल्या संतचरित्रांची इंग्रजी भाषांतरे करणारे अमेरिकन मिशनरी. मूळ ग्रंथ देवनागरीतच लिहिला गेला की ही प्रत नंतर कोणी तयार केली, यावर विद्वानांत अजून एकमत नाही. या प्रतीत परदेशी शब्दांच्या जागी पुष्कळ ठिकाणी संस्कृत शब्द आहेत. ती ज्याने लिहिली त्याला रोमन अक्षरांत आपले पुराण वाचावयाचे नव्हते, इतके तिच्यावरून म्हणता येते. पुढे १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी संपूर्ण क्रिस्तपुराण देवनागरीत संपादून पुण्यास प्रसिद्ध केले. सहाशे साच्यांच्या मागणीचे पत्र रोमला गेल्यास तेव्हा ३४८ वर्षे झाली होती.